भिंत तुमची, पॅनल माझं

शाहूपुरीतल्या घराला पावसाळा कसा असतो हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की आम्ही खालच्या फडताळातलं सामान माडीवर न्यायला लागतो. 43 जवळ आलं की कुंभार गल्लीतले अर्धे रंगवलेले गणपती गाडीत चढवलेले दिसतात. 2019 ला आणि 2021 ला पाणी आमच्या बैठकीच्या खोलीत होतं. आणि त्याच खोलीच्या त्याच भिंतीवर एका गृहस्थानं 'बजेटमध्ये लक्झरी लुक' म्हणून पीव्हीसी पॅनल मारले.

हा गृहस्थ आमच्या नणंदेच्या जावयांनी आणलेला. नात्यातून आला म्हणून कागद नाही, बिल नाही. "जीएसटी कशाला भरताय वैनी, तेवढ्यात पडदे हुतील," असं म्हणाला आणि यांना ते पटलं. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "या भिंतीला ओल आहे, आधी तिचं काय करणार?" त्यावर त्यानं मोबाइल पुढं केला. कुणाच्या तरी चकचकीत हॉलचे फोटो, मागे निळे दिवे. "पॅनलच्या मागं ओल दिसतच न्हाई. नाद खुळा काम करून देतो." दिसत नाही, हे मात्र त्यानं खरं सांगितलं.

काम उन्हाळ्यात झालं. भिंतीला पॅनल, टीव्हीखाली लॅमिनेटचं लांब युनिट, कोपऱ्यात कपाट. त्याला वरची लाकडी तक्तपोशीही पीओपीनं झाकायची होती. सासूबाई त्याखाली खुर्ची टाकून बसल्या आणि उठल्या नाहीत, म्हणून ती वाचली.

त्या वर्षी पूर काही घरात आला नाही, नुसताच पाऊस. ऑगस्टमध्ये खोलीला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. आधी आम्ही उंदीर शोधला. मग लेकीनं युनिटच्या मागचं पॅनल बोटानं दाबलं तर ते आत गेलं आणि खालच्या फटीतून पाण्याची बारीक रेघ निघाली. एक पट्टी उचकटली. मागची भिंत गुडघ्यापर्यंत काळी, त्यावर पांढरी बुरशी, आणि गिलावा हात लावला की पिठासारखा खाली. युनिटची मागची फळी एमडीएफची होती, ती फुगून पुरीसारखी टम्म झालेली.

फोन केला. त्याचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही: "वैनी, भिंत तुमची. मी फकस्त पॅनल मारलंय." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पुढं म्हणाला, तुम्ही खिडक्या उघडत नसणार. आणि जावईबापू? "जाऊ द्या मामी, आता नात्यात कशाला वितुष्ट." पैसे आमचे, भिंत आमची, आणि वितुष्टसुद्धा आमच्याच नावावर.

त्या गृहस्थानं युनिट-कपाटाचे 'वॉटरप्रूफ प्लाय' म्हणून पैसे घेतले होते. माडीवर त्याच प्लायचा उरलेला तुकडा पडला होता. मी तो एका फुटक्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर उकळत ठेवला (खिडकी उघडी ठेवून, त्या डिंकाचा वास फार वाईट, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका). सकाळी ठेवला, जेवणं होईपर्यंत त्याचे पदर सुटले होते. यांना बोलावून दाखवलं. हे काही बोलले नाहीत, पण नंतर कधी "तुला काय कळतंय त्यातलं" असंही म्हणाले नाहीत.

तर ज्यांना असल्या घरात थोडक्यात सजावट करायची आहे त्यांच्यासाठी. प्लायच्या प्रत्येक शीटवर शिक्का असतो. आयएस 303 म्हणजे साधा प्लाय. त्यातला एमआर प्रकार दमटपणा सोसतो, पाणी नाही. आयएस 710 म्हणजे मरीन, त्याची चाचणीच 72 तास उकळून होते. लॅमिनेट चिकटलं की शिक्का त्याच्याखाली जातो, मग तुम्ही काहीही सिद्ध करू शकत नाही. म्हणून शीट दारात उतरताना स्वतः उभं राहा, शिक्क्याचे फोटो काढा आणि शीट मोजा. आठ बाय चारची एक शीट म्हणजे 32 चौरस फूट, हा हिशेब पाठ ठेवा. माझ्या मापात त्यानं दार आणि खिडकीसुद्धा पॅनलमध्ये धरली होती. लेकीनं टेप लावून दाखवल्यावर "तसाच रेट असतोय" म्हणाला. कशाची वजावट होणार, कशाची नाही, हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या.

भिंतीला ओल आहे की नाही हे बघायला इंजिनिअर लागत नाही. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीच्या हवेत. भिंतीतली असेल तर वॉलपेपर, पॅनल, टेक्श्चर, ऑइलपेंट यांतलं काहीही लावू नका. पाणी जमिनीतून वर चढतं, पृष्ठभागावर वाळतं आणि सोबतचं मीठ तिथं सोडतं. तोच लोणा, तोच गिलावा फोडतो. वाट अडवली की पाणी थांबत नाही, आणखी वर चढतं.

आमच्याकडं शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्यानं सगळा गिलावा विटेपर्यंत खरवडला. भिंत तशीच उघडी ठेवून दिवाळी गेली. आल्यागेल्याच्या टोमण्यांची सोय झाली. मग त्यानं सिमेंट न वापरता चुन्याचाच गिलावा केला. कळीचा चुना पिंपात विझवून, फडक्यानं गाळून, डिंक आणि चिमूटभर पिवडी घालून हात मारले. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, चष्मा घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. ओल येते अजूनही, पण येते आणि वाळून जाते. खर्च पॅनलच्या खर्चाच्या पाव भागात बसला.

सजावट म्हणाल तर ती घरातच होती. सासूबाईंची जुनी वाकळ धुऊन बांबूच्या काठीवर टांगली, अख्खी भिंत भरली. विरलेल्या इरकली लुगड्यांचे काठ कापून साध्या सुती पडद्यांना लावले. सुती कापड इचलकरंजीहून ठोकात आणलं तर शिंप्याची शिलाईच जास्त वाटते. लोखंडी ट्रंकेला रंग देऊन वर गादी टाकली, बसायलाही झालं आणि पुराच्या वेळी दोघांनी उचलून माडीवर नेता येतं. असल्या घरात फर्निचर विकत घेताना आधी हाच प्रश्न विचारावा: हे दोन माणसं जिन्यानं नेतील का? भिंतीत ठोकलेलं युनिट नेता येत नाही.

तांब्याचं घंगाळ घासून त्यात मनीप्लँट ठेवला. कुंभार गल्लीतून मातीच्या कुंड्या आणल्या. जुने फोटो फ्रेम करून घेतले, पण फ्रेमच्या मागं चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून वारा फिरतो; नाहीतर आजोबांना बुरशी येते. चित्रं हवी असतील तर कलानिकेतन किंवा दळवीज्‌ या इथल्या कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं बघा, छापील कॅनव्हासच्या भावात हातानं काढलेलं चित्र मिळू शकतं. तक्तपोशीला जवसाचं तेल दिलं, ती उजळली. तेलाचे बोळे मात्र गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटतात. पसरून वाळवा. दिवे पिवळसर, 3000 केल्विनचे घ्या.

बाकी नेहमीचंच. तीन ठिकाणी दर विचारा, बिल घ्या, पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता एक पावसाळा काढल्यावर देईन म्हणा. नाही म्हणतील, पण म्हणून बघा. बिल असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून विचारता येतं. आमच्याकडं बिल नव्हतं, ते कुणामुळं हे वर लिहिलंच आहे.

परवा एका लग्नात ओळखीच्या एक बाई भेटल्या. हॉलचं काम दिलंय म्हणाल्या, नाव सांगितलं तर हाच. मी पंगतीतच विचारलं, "प्लायचा शिक्का बघितला का?" घरी जाऊन त्यांनी फोटो पाठवला. 303. निम्मे पैसे आधीच देऊन झाले होते, पण लॅमिनेट अजून चिकटलं नव्हतं.