जंतू, दाह आणि हृदयाची धमनी

पिंपरीच्या वाचकांना अँटिबायोटिकची ओळख करून द्यायला नको. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पेनिसिलीन देशात तयार होऊ लागले. जंतू मेला की रोग गेला, अशी आमच्या घरातही समजूत होती.

माझे वडील चाकणला प्रेस शॉपमध्ये कामगार आहेत. तंबाखूची सवय जुनी. हिरड्या सुजल्या की मेडिकलमधून दोन गोळ्या घ्यायच्या आणि शिफ्टला जायचे. गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी दातांचीही चौकशी केली, याचे मला नवल वाटले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही त्या प्रश्नाच्या मागे लागून हा विषय वाचला.

धमनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉल शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात आणि तेथेच अडकतात. त्यांचा थर साचतो. सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात उतरतात. अशा थरांत तोंडातील जंतूंचे अंश सापडलेही आहेत. जंतूंची चाहूल लागताच रक्षक पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात. दाहाने थरावरचे आवरण कमकुवत होते. ते फाटले की रक्ताची गुठळी होऊन वाट बंद होते.

मग अँटिबायोटिकने झटका टळेल काय? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे ४,००० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर ॲझिथ्रोमायसिन दिले. फायदा झाला नाही. उलट २०१७ च्या प्रयोगात जंतूंना किंवा कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने झटके व तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. चोर पळाला तरी पहारेकऱ्याची लाठी थांबत नाही, आणि पहारेकरी काढून टाकला तर घर उघडे पडते!

हिरड्यांच्या उपचाराने झटका टळतोच, असे सिद्ध झालेले नाही. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह ही कारणे मोठीच आहेत. पण रोज मशीनला तेल घालणाऱ्या माझ्या वडिलांना स्वतःचे दात दाखवायला वीस वर्षांत सवड झाली नाही. खाडा झाला की पगार कापला जाई. कामगारांच्या तपासणीत रक्तदाबाबरोबर दातही पाहिले जावेत, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.