दारातला माणूस : थोडं गणित

आपल्यापैकी बरेच जण रोज लोकलने कॉलेजला येतात. मीही डोंबिवलीहून दादरला येतो. सकाळच्या फास्टमध्ये जागा मिळते ती बहुतेक दारातच. एक पाय आत, हात मधल्या दांड्यावर, सॅक बाहेर! घरचे म्हणतात, "पोरं स्टंट करतात." हौसेने लटकणारे असतातही. पण बाकीचे का लटकतात आणि का पडतात, हे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी कागदावर मांडून बघायला हवं.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्या दिवशी गेले. त्या वळणावरून मी रोज जातो, म्हणून हा लेख.

वळणावर काय होतं?

समजा, गाडीचा वेग ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि वळणाची त्रिज्या ५०० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे त्वरण ०.८ मी/से² आलं. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात, त्याने यातलं निम्मं भरून निघालं असं धरू. उरलं ०.४. साठ किलोच्या माणसाला हा धक्का २४ न्यूटनचा. किरकोळच! एकट्याला जाणवणारही नाही.

पण दाराच्या मागे ५० माणसं चेपून उभी आहेत. सगळ्यांचा मिळून होतो १२०० न्यूटन. त्यातला तीन चतुर्थांश कड्यांनी आणि पायांनी पेलला, तरी ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलोचा भार दारातल्या माणसावर येतो. तो पेलायला त्याच्याकडे एकच घामेजलेला हात! म्हणजे तो "तोल जाऊन" पडत नाही, ढकलला जातो. आणि ढकलणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

मग दारं बंद का करत नाहीत?

एसी लोकलला दारं बंद होतात. मुंबईत ती २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली. साध्या लोकलमध्ये मात्र हवा दारातूनच येते. नुसतं दार लावलं तर आतले गुदमरतील. म्हणून मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने नव्या साध्या गाड्यांसाठी झडपांची दारं, छतावरून हवा आणि डब्यातून डब्यात जायची वाट, अशी रचना जाहीर केली.

दुसरी अडचण वेळेची. समजा, दर ३ मिनिटांनी एक गाडी, म्हणजे तासाला २०. दार लागायला गर्दीच्या स्टेशनवर १० सेकंद जास्त गेले तर अंतर १९० सेकंदांचं होतं आणि तासाला १९ च गाड्या निघतात. गेलेल्या एका गाडीतली चार हजारांवर माणसं उरलेल्या गाड्यांच्याच दारात येणार! म्हणून दारांबरोबर गाड्यांमधलं अंतर कमी करणारी सिग्नल यंत्रणा हवी आणि बाराऐवजी पंधरा डबे हवेत. तीन डब्यांनी २५ टक्के जागा वाढते.

आणि आपण?

सॅक पुढे घ्या. रूळ ओलांडू नका, कारण लोकलमार्गावरचे सर्वांत जास्त बळी त्यानेच जातात. पुढची गाडी येतेच, ती घ्या... हे सगळं मलाही पाठ आहे. पण पुढची गाडी घेतली की साडेआठच्या लेक्चरला लेट मार्क, आणि ७५ टक्के हजेरी भरली नाही तर टर्म जाते. मागच्या सेममध्ये पावसात माझा हात दांड्यावरून सुटला होता. शेजारच्या काकांनी सॅकचा पट्टा धरून आत ओढलं. तेव्हाही माझ्या डोक्यात हजेरीच होती!

म्हणून आमच्या वर्गाने पहिलं लेक्चर साडेदहाला घ्यावं, असा अर्ज प्राचार्यांकडे दिला आहे. सिग्नल बदलायला वर्षं लागतील, टाइमटेबल बदलायला एक मीटिंग पुरते. वरचं गणित त्या अर्जाला जोडलं आहे. चूक सापडली तर जरूर सांगा. नाही सापडली, तर खाली सही करा.