दवाखान्यात जाताना तोंड बरोबर घेऊन जा

अरे, तुझ्या बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली म्हणे. फोनवर तू ऐटीत म्हणालास, "हॉस्पिटल मोठं आहे आत्या, ते सगळं बघतात." बघतात रे, नाही कोण म्हणतंय? पण तपासणारे डॉक्टर एक, भूल देणारे दुसरे, सिस्टरांची ड्युटी दिवसातून तीनदा बदलणार, मेडिकलवाला निराळा, लॅबवाला निराळा. या सगळ्यांच्या हातून जाणारा माणूस एकच, तो म्हणजे पेशंट. आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा या हातातून त्या हातात जाताना. माणसं भलीच असतात, फक्त दमलेली असतात. म्हणून थोडं आपण जागं राहायचं.

१. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या एका पिशवीत भर आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेव, शेजारच्या काकूंनी "मला गुण आला" म्हणून दिलेल्यासुद्धा — "ती पांढरी, छोटी" असं सांगून कुणाला काय कळणार, निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि छोट्याच असतात.

२. काढे, चूर्णं, भस्मं लपवायची नाहीत. बाबा म्हणतील "ते औषध थोडंच आहे" — पण रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेला तर बीपी वाढतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि डॉक्टर बिचारे बीपीची गोळी वाढवत बसतात.

३. कुठल्या औषधाची रिॲक्शन आली असेल तर फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिही. नेमकं काय झालं तेही लिही, अंगावर पुरळ आलं की श्वास लागला — नुसती मळमळ झाली तरी लोक "ॲलर्जी" म्हणून सांगतात, आणि मग गरजेच्या वेळी कामाचं औषध हातचं जातं.

४. रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनआधी थांबवायची का, कधी, आणि परत कधी सुरू करायची, हे कागदावर लिहून घे. दात काढायला जातानासुद्धा ही गोळी चालू असल्याचं सांगायचं — थांबवली तर गुठळीची भीती, चालू ठेवली तर रक्त न थांबण्याची. हा हिशेब आपल्या मनाने करायचा नसतो.

५. चिठ्ठी वाचता येत नसेल तर केबिनमधून उठण्याआधी विचार. औषधाचं जेनेरिक नाव स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं हे मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच नियमात घातलंय. विचारणाऱ्याचं तोंड दुखतं, न विचारणाऱ्याचं पोट.

६. स्ट्रिप कापून चारच गोळ्या घेतल्यास, तर नाव आणि एक्स्पायरी कुठल्या तुकड्यावर राहिली ते बघ. दुकानदाराकडे राहिली असेल तर तिथेच फोटो काढ आणि बिल मागून घे — महिन्याभराने ड्रॉवरमध्ये सापडलेली बिननावाची गोळी म्हणजे कोडं.

७. इन्सुलिनचं जरा नीट ऐक, कारण इथे शिकलेली माणसंही चुकतात. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीत ४०. पेनातलं साधारण १०० चं. सिरिंजही दोन जातींच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलंस, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट केलंस तर २० चे ५० होतात, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. टोपणाचा रंग बघच, पण बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का तेही वाच. आणि पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध सिरिंजने ओढून घ्यायचं नाही. दुकानात "एक सिरिंज द्या" एवढंच म्हणून चालत नाही, बाबा!

८. तुझ्या आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे ना? ती आठवड्यातून एकदाच. वार ठरवा आणि तो वार चिठ्ठीवर लिहून घ्या — चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही हाताला रोजची वाटते.

९. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीतही तेच — धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, नाहीतर यकृताला भारी पडतं. पाकिटं तीन, पाहुणा एकच.

१०. तुझ्या लेकीच्या तापाचे थेंब आणि सिरप एकच समजू नकोस. थेंबांच्या बाटलीत सहसा १ मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० — आणि बरोबर येतं ते माप वापर, पोह्यांचा चमचा नव्हे.

११. वॉर्डात कुणी "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं, तर नुसती मान डोलवायची नाही, पूर्ण नाव आणि जन्मतारीख आपणहून सांगायची — गुंगीतला माणूस कशालाही "हो" म्हणतो, आणि आपल्याकडच्या वॉर्डात पाटील एकच थोडेच असतात! रक्ताची पिशवी लावताना तर नाव, गट आणि पिशवीचा नंबर जुळवलेला कानांनी ऐक.

१२. ज्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्यावर डॉक्टर पेनाने खूण करतात. ती बाबा पूर्ण जागे असताना, त्यांना विचारून व्हायला हवी. "तसे दोन्ही दुखतात" हे पुराण त्यांनी त्या वेळी लावू नये, एवढं मात्र तू बघ.

१३. उपाशी म्हणजे उपाशी. साधारण हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद, बाकी भूलतज्ज्ञ सांगतील ते खरं. दुधाचा चहा खाण्यातच धरतात — भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं. बाबांनी पहाटे गुपचूप कपभर घेतलाच, तर सांगून टाक; तारीख पुढे गेली तर जाऊ दे.

१४. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवायचे, पलंगावर बसायचं नाही. रागावतील, रागावू देत.

१५. रात्री बाथरूमला उठताना बेल दाबायची, सिस्टर येईपर्यंत थांबायचं. बाबांना हे तू सांगू नकोस, मी सांगते, माझं ऐकतील. संकोचाने उठला, तो फरशीवर बसला.

१६. डिस्चार्जच्या दिवशी घाई गाडीची नको, कागदाची कर. जुन्यांपैकी कुठल्या गोळ्या बंद, नव्या किती दिवस, आणि काय झालं तर लगेच यायचं, हे तिन्ही विचार आणि ऐकलेलं त्यांनाच परत म्हणून दाखव — जुनी आणि नवी गोळी वेगळ्या कंपन्यांच्या असतात, आत औषध एकच, आणि आपण दोन्ही घेत राहतो. पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, तेल चोळत बसायचं नाही. छातीत दुखलं किंवा अचानक दम लागला, तर सरळ १०८ ला फोन.

१७. रिपोर्टबद्दल फोन आला नाही, म्हणजे रिपोर्ट चांगला असं नाही, जाऊन आण. रेकॉर्डच्या प्रती मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असा नियम आहे, तेव्हा मागताना ओशाळायचं काही कारण नाही.

१८. ईसीजीच्या कागदाचा फोटो त्याच दिवशी काढ — तो कागद उष्णतेने छापतात, त्यावरच्या रेघा कालांतराने फिक्या पडतात, आणि पुढच्या वेळी "आधीचा ईसीजी दाखवा" म्हटलं की हातात कोरी पट्टी येते. दिवसभर जेवणाच्या ताटांचे फोटो काढतोस, त्यात हा एक.