गिझरची कॉइल सांगून जाते का?

प्रश्न : आमच्या गिझरची कॉइल चार वर्षांत दोनदा गेली, दोन्ही वेळा ऐन थंडीत. मल्टिमीटर लावून ती आणखी किती टिकेल हे आधी कळेल का? ता. क. पाणी बोअरचं आहे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ता. क. मध्येच निम्मं उत्तर आहे, पण आधी मल्टिमीटरचं बघू. २३० व्होल्टवरच्या २००० वॉटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम भरतो. पहिल्या दिवशी २६, आणि जायच्या आदल्या दिवशीही जवळपास तेवढाच! कारण तार सगळीकडे सारखी झिजत नाही.

जुन्या उघड्या शेगडीत हे नुसत्या डोळ्यांना दिसायचं. दिवा मालवून शेगडी लावली की स्प्रिंगचे एकदोन वेढे बाकीच्यांपेक्षा जास्त लालभडक. तिथे तार बारीक झालेली असे. प्रवाह सगळीकडे तोच, पण बारीक जागी रोध जास्त, म्हणून उष्णता जास्त. त्या उष्णतेनं तार आणखी झिजणार. नायक्रोमच्या तारेला वाचवतो तो तिच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. चालू-बंद करताना तार फुगते, आकसते आणि त्या थराचे पापुद्रे सुटतात. म्हणूनच या तारांच्या आयुष्याची प्रमाणित चाचणी घेताना त्या सलग तापवत नाहीत. दोन मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असा छळ करतात.

गिझरमध्ये मात्र पहिला बळी सहसा नळीचा. तार धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पुरलेली असते. बोअरच्या पाण्यातले क्षार नळीवर चढले की उष्णता पाण्यात जायला अडते, नळी नको तेवढी तापते आणि एखाद दिवशी तडकते. भुकटीत पाणी शिरतं आणि ईएलसीबी पडतो. पाणी तापताना किटलीसारखी कुरकुर ऐकू येत असेल, तर क्षार चांगलेच साचलेत असं समजा.

तेव्हा मल्टिमीटर ठेवून द्या आणि दिवाळीआधी मेगर असलेला वायरमन बोलवा. वीज बंद करून, वायरी सोडवून, कॉइलचं टोक आणि नळी यांच्यामधलं इन्सुलेशन त्याला मोजू द्या. त्याच खेपेला क्षार खरवडून घ्या, टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड संपला असेल तर तोही बदला. मेगरचा आकडा गिझरच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवा. कित्येक मेगोहम असेल तर हा हिवाळा निघेल. वर्षागणिक घसरत तो एका मेगोहमवर आला, तर कॉइल तेव्हाच बदलून टाका.