पाटी आपल्या बोलीतली हवी

आम्ही न्हावा गावचे आगरी. माझ्या मुलाला तोंडानं बोलता येत नाही. चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून तो बोलतो. ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. पाटीवर पहिलं चित्र 'नको'चं ठेवा. पाणी, जेवण, शी-शू सगळेच ठेवतात. तेवढं आईला न सांगताही कळतं. पण नकार देता येत नसेल, तर कुणीही उचलावं, भरवावं, कपडे काढावेत आणि लेकरानं सोसावं, असंच होतं. 'नको'नंतर 'दुखतंय', मग 'थांबा'.

२. चित्रं आपल्या गावची हवीत. आमच्या पाटीवर होरी (होडी) आहे, सुका जवला आहे, एकवीरा आई आहे. बंदराकडे जाणारा ट्रेलरही आहे, कारण त्याचा आवाज मुलाला सहन होत नाही; त्यावर बोट ठेवलं की आम्ही रस्त्यापासून लांब जातो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' अ‍ॅप फुकट आहे, मराठीतही आहे, जरूर वापरा. पण आमच्या घरात कुणी 'मला पाणी हवे' म्हणत नाही. 'मना पानी' हे त्याच्याच वयाच्या चुलतभावाच्या आवाजात आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आपल्या माणसांत बसून परक्यासारखं का बोलावं त्यानं?

३. कागदाची पाटीही जवळ ठेवाच. तिला चार्जिंग लागत नाही.

४. तपासणीला जाल तेव्हा प्रश्न घरच्या बोलीत विचारायला लावा. पुस्तकी मराठीत विचारलेलं उमगलं नाही, की 'समज कमी' असा शेरा पडतो आणि तो शाळेपर्यंत पाठलाग करतो. हा अन्याय आहे, तिथल्या तिथे बोला.

५. प्रश्न विचारून गप्प राहा. मुलाचं बोट हलायला वेळ लागतो, पण एका बोटानंही खूप सांगता येतं. मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटानं टाईप करून अख्खं आत्मचरित्र लिहिलं; ते २०१० साली छापून आलं. आणि तुम्हीही बोलताना पाटीवर बोट ठेवा. इतरांना बोलताना पाहूनच मूल शिकतं, पाटीचंही तसंच.

६. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' म्हणजे फक्त तोंडचं बोलणं नव्हे. पर्यायी साधनंही त्यात येतात. शाळेनं पाटी दप्तरात ठेवायला सांगितली, तर हे दाखवा.

७. पाटीच्या प्रती काढून मावशीला, दुकानदाराला, अंगणवाडीच्या ताईंना द्या. उरण-पनवेलच्या प्रत्येक अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात आगरी-कोळी बोलीतली पाटी भिंतीवर हवी, ही मागणी ग्रामसभेत मांडा. आम्ही मांडणार आहोत.