शेजाऱ्याला गाठायला किती वर्षं? आर्थिक अभिसरण कसं मोजतात



1989 नंतर पोलंड, हंगेरी, बल्गेरिया अशा देशांनी सरकारी नियोजन सोडून बाजारपेठेची वाट धरली. म्हणून त्यांना संक्रमण अर्थव्यवस्था म्हणतात. शेजारचे जर्मनी आणि ऑस्ट्रिया श्रीमंत. गरीब देश श्रीमंत देशाच्या जवळ सरकत जाणं म्हणजे आर्थिक अभिसरण. पण तो जवळ आला हे कशावरून ठरवायचं?

दरडोई उत्पन्नावरून. मात्र ते नुसत्या चलनाच्या दराने बदलून चालत नाही. वॉर्सात केस कापायला बर्लिनपेक्षा कमी पैसे लागतात. म्हणजे तेवढ्याच युरोत तिथे जास्त काही मिळतं. म्हणून किमतींतला फरक काढून टाकतात. यालाच क्रयशक्ती समता म्हणतात. या मापाने युरोपीय संघाची सरासरी 100 धरली, तर 2004 साली संघात आलेला पोलंड तेव्हा 50 च्या आसपास होता. 2023 पर्यंत तो 80 च्या जवळ पोचला.

आता खरी गंमत इथे आहे. वही-पेन घ्या.

श्रीमंत देशाचं दरडोई उत्पन्न 40,000 युरो, वाढ 2 टक्के. गरीब देशाचं 10,000 युरो, वाढ 5 टक्के. एका वर्षाने काय होईल? श्रीमंत 40,800 वर, गरीब 10,500 वर. गुणोत्तर 25 टक्क्यांवरून 25.7 झालं, म्हणजे गरीब देश जवळ आला. पण दोघांतली दरी 30,000 होती, ती 30,300 झाली! दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. वर्तमानपत्रात 'दरी वाढली' वाचलं की आधी विचारा, युरोत की टक्क्यांत?

वर्षं काढायची सोपी युक्ती 70 ची. वाढीच्या दरांतल्या फरकाने 70 ला भागा. तेवढ्या वर्षांत गुणोत्तर दुप्पट होतं. फरक अडीच टक्के असेल तर 28 वर्षं. अर्थात फरक तसाच टिकला तर! सहसा जवळ येताना वेग मंदावतो, कारण परक्याचं तंत्र आणून वापरणं सोपं, नवं शोधणं अवघड.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. चेक देशातली स्कोडा कंपनी जर्मनीच्या फोक्सवॅगनच्या मालकीची आहे. गाडी चेकमध्ये बनली की ते उत्पादन चेक देशाच्या खात्यात मोजतात, पण नफा मालकाचा. त्यामुळे देशांतर्गत उत्पादन आणि राष्ट्रीय उत्पन्न, दोन्ही आकडे बघावेत. मला तर दुसराच जास्त प्रामाणिक वाटतो.

शेवटी छेद बघायला विसरू नका. बल्गेरियाची लोकसंख्या 1980 च्या दशकात सुमारे 90 लाख होती. 2021 च्या जनगणनेत ती 65 लाखांच्या घरात आली. जन्म घटले आणि तरुण कामासाठी पश्चिमेकडे गेले. भागणारे कमी झाले की दरडोई आकडा वाढलेला दिसतो. म्हणून तक्ता करताना दरडोई उत्पन्नाशेजारी लोकसंख्येचा रकाना आखाच.