इंजिनाचा श्वासोच्छ्वास : एक अभ्यासपाठ

इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेत मोटारसायकलीच्या इंजिनावर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. संपादक मंडळाची अपेक्षाही निराळी होती. परंतु धनजला शाळेच्या भेटीस येणारे आमचे माजी विद्यार्थी आता बहुधा दुचाकीवरच येतात, आणि त्यांतील कित्येकांच्या गाडीचा आवाज त्यांच्या आधी फाटकाशी पोहोचतो. सायलेन्सर बदललेला असतो, एअर फिल्टर काढून त्या जागी जाळीची टोपी बसवलेली असते. 'सर, पिकअप वाढला', असे ते सांगतात. वाढला कशाने, आणि किती दिवस टिकेल, हे विचारल्यास मात्र उत्तर मिळत नाही. हा पाठ त्या प्रश्नासाठी आहे.

त्यास एक निमित्तही घडले. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कर्ज काढून जुनी पल्सर घेतली. घरातले ते पहिले स्वतःचे वाहन. दररोज कारंज्यापर्यंत कामाला जायचे, गरज पडल्यास अमरावतीपर्यंत. मे महिन्यात त्याने एका दुकानातून सायलेन्सर व फिल्टर बदलून घेतले. कार्बोरेटरला कुणी हात लावला नाही. डिसेंबरातील एका पहाटे तो आईला मागे बसवून अमरावतीच्या दवाखान्यात निघाला असता, भर वेगात इंजिन एकाएकी जखडले. मागचे चाक अडून गाडी घसरू लागली. त्याने क्लच दाबला म्हणून दोघे वाचले. पिस्टन व सिलिंडर बदलण्यात त्याची जवळजवळ दोन महिन्यांची कमाई गेली. आम्हास भेटला तेव्हा तो म्हणाला, 'मे महिन्यापासून चांगली चालत होती, एकदम काय झाले?' एकदम काहीच झाले नव्हते. त्या इंजिनाचा इतिहास सात महिन्यांपासून लिहिला जात होता. तो वाचणारा कोणी नव्हता, इतकेच.

आमच्या पिढीने मूर्तिजापूर–यवतमाळ ही कारंज्यावरून जाणारी 'शकुंतला' वाफेच्या इंजिनावर धावताना पाहिली आहे. १९९४ साली तिला डिझेल इंजिन लागले. त्या वाफेच्या इंजिनात एक युक्ती होती. सिलिंडरमधून बाहेर पडणारी वापरलेली वाफ नुसती सोडून न देता धुरांड्याखालच्या अरुंद नळीतून जोराने वर फेकली जाई. तिच्या ओढीने भट्टीतील धूर बाहेर खेचला जाई आणि त्यामागून कोळशाला ताजी हवा मिळे. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्या श्वासाला ओढून आणतो, हे तत्त्व त्या 'छुक छुक' आवाजात होते. मोटारसायकलीतही तेच आहे. हवा घेण्याचा मार्ग आणि धूर सोडण्याचा मार्ग ही दोन वेगळी खाती नव्हेत. एकात बदल केला की दुसऱ्याचा हिशेब हलतो, आणि त्या दोहोंच्या मधोमध बसलेल्या कार्बोरेटरला नवा हिशेब कुणीतरी सांगावा लागतो.

आता आकडे पाहू. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिन साधारणतः नऊ हजार लिटर हवा ओढते. आपण पंपावर पेट्रोलचे पैसे मोजतो. हवेचे मोजत नाही, म्हणून ती ध्यानात येत नाही. मात्र पूर्ण जोर काढायचा असेल तेव्हा हे प्रमाण १२.५ ते १३ पर्यंत खाली आणतात, म्हणजे थोडे पेट्रोल जाणूनबुजून अधिक देतात. ते उधळपट्टी नव्हे. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते व पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांना सांभाळते. फिल्टर मोकळा केला, सायलेन्सरमधील अडथळे काढले, की हवा अधिक येते. जेटचे छिद्र मात्र जुन्याच मापाचे राहते. मग पेट्रोल कमी पडते, नेमक्या भर वेगात ते थंडावणारे पेट्रोल नाहीसे होते, आणि इंजिन तापत जाते. चालवणाऱ्याला याची जाणीव होत नाही, कारण आवाज मोठा झाल्याने जोर वाढला असेच वाटते.

सायलेन्सर म्हणजे केवळ आवाज दाबणारा डबा, ही समजूतही सोडली पाहिजे. अमेरिकेतील रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये मफलरचे पेटंट घेतले ते आवाजासाठीच. परंतु नळीतून बाहेर पडणारा प्रत्येक धक्का एक लहर असतो. ती नळीच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरते, आणि परत आल्यावर व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद यावर इंजिनाचा फायदा-तोटा ठरतो. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांत तर ही लहर म्हणजे सर्वस्व. पूर्व जर्मनीच्या एम झेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात सायलेन्सरच्या फुगीर व निमुळत्या आकाराने ती लहर अशी वळवली की बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जाई. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला व ती विद्या जपानच्या सुझुकीकडे घेऊन गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. एका नळीच्या आकाराचे मोल इतके! आणि आमच्याकडे तीच नळी हॅक्सॉने कापून 'मोकळी' केली जाते. टू-स्ट्रोकची नळी कापणारा शक्ती वाढवत नाही, परत येणारी लहर गमावतो.

फोर-स्ट्रोकमध्ये परिणाम सौम्य असतो, पण असतोच. पुण्याच्या बजाजने काही गाड्यांच्या एक्झॉस्ट नळीला एक लहानशी बंद कुपी जोडून कमी वेगातील ओढ सुधारली. तीस त्यांनी 'एक्झॉसटेक' असे नाव दिले. सायलेन्सर बदलताना ती कुपीही जाते. मग चढावर, दोन माणसे व एक पोते लादलेले असताना, गाडी पूर्वीपेक्षा लवकर गिअर मागू लागते. आमच्या भागातील दुचाकी शर्यतीसाठी नाही, याच ओझ्यासाठी असते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की रोजच्या कामाच्या गाडीत हा बदल करूच नये. परंतु केलाच असेल, तर अर्धवट सोडू नये.

त्या विद्यार्थ्याची दुरुस्त झालेली गाडी एका रविवारी शाळेच्या ओसरीसमोर उभी केली गेली. कारंज्यात गॅरेज चालवणारा आमचाच दुसरा एक माजी विद्यार्थी हत्यारे घेऊन आला. दहावीची मुले गोल करून बसली आणि आम्ही फळ्याऐवजी वही धरली. त्याने प्रथम कार्बोरेटर उघडलाच नाही. आधी टॅपेट तपासले, प्लग बदलला, नवा फिल्टर स्वच्छ आहे का ते पाहिले, आणि कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी नळीला चीर आहे का हे बोटांनी चाचपले. तेथून हवा शिरत असेल तर पुढची सारी मोजदाद खोटी ठरते. इंजिन पुरते गरम होऊ दिले. मग त्याने अॅक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण अशा खुणा केल्या. मुलांना ही पट्टी फार आवडली. तिचे कारण असे की कार्बोरेटरचे निरनिराळे भाग मुठीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर कारभार पाहतात. बंद मुठीपासून पावापर्यंत पायलट जेट व बाजूचा स्क्रू, पावापासून पाऊणपर्यंत मुख्यतः सुई, आणि त्यापुढे मेन जेट. 'गाडी मिसिंग मारते' एवढे सांगून भागत नाही. मूठ कोणत्या खुणेवर असताना मारते, हे सांगावे लागते.

सुरुवात मेन जेटपासून करायची, कारण चुकल्यास इंजिन मोडते ते तिथे. मूळ जेटपेक्षा एक माप मोठा जेट बसवला. रिकाम्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून, तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण उघडून काही अंतर जायचे. मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचे व गाडी थांबवून प्लग काढून पाहायचा. गाडी रमतगमत परत आणल्यास प्लगवरील खूण बदलते व पुरावा नष्ट होतो. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर फिकट विटकरी छटा हवी. राखेसारखा पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळीने काळा असेल तर जास्त. आजच्या शिसेविरहित पेट्रोलमुळे हा रंग पूर्वीइतका ठळक उमटत नाही, म्हणून नवा प्लग व भिंग जवळ ठेवावे. इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल साधन व ऐकीव हकिकत यांतला फरक शिकवावा लागत नाही. चालवणाऱ्याचा 'मस्त पळते' हा अभिप्राय ऐकीव आहे. प्लग हे अस्सल साधन आहे.

पहिल्या जेटने प्लग पांढरटच राहिला. आणखी एक माप मोठा घेतल्यावर छटा आली. त्यानंतर सुई. तिच्या माथ्याला खाचा असतात व एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यावर पेट्रोल वाढते. काही गाड्यांत खाचा नसतात, तेथे बारीक वॉशर घालतात. शेवटी स्लो. बाजूचा स्क्रू हलकेच बंद करून किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवायचे, मग पाव-पाव फेऱ्याने उघडत इंजिन सर्वांत स्थिर व जलद फिरते ती जागा शोधायची. येथे एक फसगत होते. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो उघडल्याने मिश्रणातील पेट्रोल वाढते, फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. दोन गाड्यांचे मेकॅनिक एकमेकांशी तावातावाने भांडतात आणि दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात! मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके फुटणे हे तरुणांना शौर्याचे लक्षण वाटते. बहुधा ते स्लोच्या टप्प्यावर पेट्रोल कमी असल्याचे किंवा नळीच्या जोडातून हवा शिरत असल्याचे लक्षण असते.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. तारा घालून जेटचे छिद्र मोठे करण्याची आपल्याकडील पद्धत या कारणाने वाईट, की तिच्यात माप राहत नाही आणि मागे फिरण्याची वाट बंद होते.

मे आणि डिसेंबर यांचा उलगडा अजून बाकी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या हवेची घनता १५ अंशांच्या पहाटेच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते. विरळ हवेत तोच जेट पेट्रोल जास्त देतो. म्हणून मे महिन्यात, मोकळ्या फिल्टरने निर्माण केलेली तूट उन्हाने काही अंशी झाकली. डिसेंबरच्या दाट हवेत ती उघडी पडली. याच न्यायाने हजार मीटरहून उंच असलेल्या चिखलदऱ्यावर गाडी गुदमरल्यासारखी वागते, तो दोष समजून जेट बदलू नये. दुसरी गोष्ट इंधनाची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळण्यास वजनाच्या केवळ ९ पट हवा लागते. अर्थात जुन्या मापाच्या जेटमधून आलेले हे इंधन मुळातच थोडे अपुरे पडते, आणि त्यावर मोकळा सायलेन्सर म्हणजे तुटीत तूट.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनंतरच्या गाड्यांत कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. संगणक पेट्रोल फवारतो व एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर त्याला दुरुस्ती सांगतो. पालकांनी यावर विसंबू नये. ही दुरुस्ती संथ, स्थिर चालीपुरती असते. पूर्ण मूठ उघडल्यावर संगणक कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून चालतो, आणि त्या तक्त्याला तुमचा नवा सायलेन्सर ठाऊक नसतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. विक्रीपूर्वी गाडीच्या नमुन्याची धूर व आवाजाची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलीस ७७ डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाज-धुराच्या नियमभंगास १०,००० रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरांच्या रांगेमागून म्हातारी माणसे कानावर पदर घेऊन चालतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. त्या दिवशी कोणी चलान फाडत नाही, म्हणून ते योग्य ठरत नाही.

रविवारच्या त्या जुळणीनंतर गाडी उत्तम चालली. हा पाठ यशस्वी झाला असे म्हणता येईल. पण लिटरमागे सात-आठ किलोमीटर कमी पडू लागले, आणि आईला मागे बसून आवाज सोसेना. दोन महिन्यांनी त्याने मूळ सायलेन्सर व फिल्टर पुन्हा बसवले. जुना जेट वहीच्या पानाला चिकटवलेल्या पुडीत जपून ठेवलेला होता, स्क्रूचे फेरे लिहिलेले होते, त्यामुळे परत जुळवायला अर्धा तासही लागला नाही. जखडलेल्या इंजिनातला पांढरा प्लग व जुळणीनंतरचा विटकरी प्लग असे दोन्ही त्याने शाळेला दिले आहेत. ते इतिहासाच्या कपाटात, नाण्यांच्या तबकाशेजारी, वहीसह ठेवले आहेत. स्नेहमेळाव्याच्या दिवशी किल्ली आमच्याकडे असेल.